दुसऱ्या सहीपर्यंत: गोव्यातल्या सिव्हिल लग्न-नोंदणीचा अभिप्राय

गोव्यात देव-धर्म न मानणाऱ्या माणसाला सरकारी दारात मिळणारी सगळ्यात चांगली सेवा म्हणजे सिव्हिल रजिस्ट्रारच्या कार्यालयातली लग्न-नोंदणी. पाचपैकी साडेतीन तारे देते. दीड तारा का कापला ते सविस्तर लिहिणार आहे, कारण तो परत मिळवायचा तर काय करावं यावरूनच आमच्या निरीश्वरवादी मंडळींत सध्या जोरात वाद चालू आहे.

मी फोंडा तालुक्यातली. सरकारी इस्पितळात परिचारिका होते, आता निवृत्त. घरी गणपतीची चवथ होते, जावा माटोळी (गणपतीवरचं फळापानांचं छत) बांधतात, मी नेवऱ्या तळायला बसते आणि आरतीच्या वेळी बाहेर जाऊन उभी राहते. माझं न मानणं सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर आता कुणी बोलत नाही. तुळशीची लग्नं आटोपल्यावर मुलाचं लग्न झालं. सून साष्टीतल्या कॅथलिक घरातली. दोघांनाही भटजी नको, पाद्री नको, धर्म बदलणं तर कुणाच्या मनातही नव्हतं. अशा जोडप्याला गोव्यात हे एकच दार आहे आणि ते उघडं आहे. लग्न नोंदवलं त्या तालुक्याचं नाव लिहीत नाही. पुढच्या तक्रारी एका कार्यालयाच्या किंवा एका कारकुनाच्या म्हणून कुणी वाचाव्यात अशी माझी इच्छा नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. गोव्यात लग्न कायद्यानं लागतं ते सरकारी दप्तरात. मंडपात सप्तपदी झाली किंवा निकाह लागला, पण दप्तरात नोंद नसली तर कायद्यापुढं लग्न नाही. आधी पहिली सही. दोघं येऊन लग्नाचा इरादा नोंदवतात. त्याची नोटीस फलकावर लागते, कुणाची हरकत असेल तर ती ऐकली जाते. मुदत सरली की साक्षीदार घेऊन दुसरी सही. त्या दुसऱ्या सहीनं लग्न लागतं. चर्चमध्ये लग्न लावणाऱ्या कॅथलिकांची पुढची रीत मात्र थोडी वेगळी.

मला या सेवेतलं सगळ्यात मोलाचं काय वाटलं, तर तो फलक. त्यावर आमच्या पोरांच्या नोटिशीशेजारी हिंदू-हिंदू, ख्रिस्ती-ख्रिस्ती, मुसलमान-मुसलमान अशा सगळ्या जोडप्यांच्या नोटिशी होत्या. महाराष्ट्रात भिन्नधर्मी मुलं 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली जातात तेव्हा 30 दिवसांची नोटीस लागते, आणि त्या फलकावर नाव आलं की बघणाऱ्याला लगेच कळतं की इथं काहीतरी वेगळं आहे. मग घरी फोन जातात, टोळकी येतात. आपल्याकडं सगळ्यांनाच याच फलकावरून जावं लागतं, म्हणून कुणाचंच नाव वेगळं उठून दिसत नाही. सुनेच्या मावशीनं ती नोटीस वाचली आणि शेजारच्या नोटिशीतली मुलगी आपल्या वाड्यावरची निघाली म्हणून तिच्याच चौकशीत रमली. धर्मनिरपेक्ष व्यवस्था सगळ्यांना लागू असली की अल्पसंख्याला आपोआप आडोसा मिळतो, हे मी भाषणांतून कितीदा ऐकलं होतं. डोळ्यांनी पाहिलं ते तिथं.

दुसरी जमेची बाजू मालमत्तेची. आधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामायिक धरली जाते, अर्धी तिची अर्धी त्याची. वेगळं हवं असेल तर तो करार लग्नाआधीच करावा लागतो, नंतर नाही. लग्न ठरलेल्या मुलींनी वकिलाकडं जाऊन हे आधी समजून घ्यावं.

आता उणं.

सिव्हिल रजिस्ट्रार आणि सब-रजिस्ट्रार एकाच छताखाली बसतात, त्यामुळं लग्नाची मंडळी आणि जमिनीचे व्यवहार करणारी मंडळी एकाच बाकावर. आमच्या शेजारी एका फ्लॅटचं विक्रीखत होतं आणि बिल्डरचा माणूस फोनवर मोठ्यानं हिशोब सांगत होता. सून नऊवारी नेसून आली होती, माझ्याच सासूबाईंची. तिला बसायला जागा मिळाली ती झेरॉक्सच्या यंत्राशेजारी. नोंद वाचून दाखवली ती इंग्रजीत आणि घाईत. माझ्या बहिणीला, जी साक्षीदार होती, त्यातलं काहीच कळलं नाही. आयुष्यभराचा करार ज्या भाषेत माणसं रोज भांडतात आणि जेवतात त्या भाषेत वाचून दाखवायला फार तर पाच मिनिटं जास्त लागली असती. अर्धा तारा इथं गेला.

एक पूर्ण तारा गेला तो पहिल्या सहीमुळं. पहिली सही झाली की लग्न झालं असं समजणारी माणसं आजही गावागावांत आहेत. एखादा नवरा दुसऱ्या सहीला टाळाटाळ करतो, तोवर देवळात अक्षता पडलेल्या असतात, संसार सुरू झालेला असतो, आणि काही वर्षांनी बाईला कळतं की कायद्यानं आपण कुणाची बायकोच नाही. इस्पितळात प्रसूती विभागात मी अशा बायका पाहिल्या आहेत. नवऱ्याचं नाव सांगताना त्या छातीठोक सांगायच्या, कागद मागितला की पहिल्या सहीची पावती पुढं करायच्या. ‘बायलांचो साद’सारख्या स्त्री-संघटना कुटुंब कायद्यातल्या अशा फटींवर वर्षानुवर्षं बोलत आल्या आहेत. आमच्या काउंटरवरच्या बाईंनी सुनेला बजावलं, "बाये, दुसरी सय विसरूं नाका हां." त्यांचं मनापासून कौतुक. पण हे बजावणं एका भल्या बाईच्या स्वभावावर सोडता कामा नये. पहिल्या सहीच्या कागदावरच मराठी-कोंकणीत ठळक छापलेलं हवं की हे लग्न नव्हे.

भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर होतं आणि कोपऱ्यात छोटा क्रूस. त्याचे तारे मी कापले नाहीत. कारण पुढं येईल.

ही सेवा आपल्याला मिळाली कशी हे ठाऊक असल्याशिवाय तिची किंमत कळत नाही. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात 1870 पासून लागू झाली. 5 ऑक्टोबर 1910 ला लिस्बनमध्ये राजेशाही कोसळली आणि प्रजासत्ताक आलं. ते चालवणाऱ्यांत मुक्तविचारवादी होते, फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाचे लोक होते, चर्चच्या सत्तेला कंटाळलेले वकील आणि डॉक्टर होते. नोव्हेंबरात घटस्फोटाचा हुकूम निघाला, 25 डिसेंबरला लग्न हा नागरी करार ठरवणारा हुकूम निघाला, पुढच्या एप्रिलमध्ये चर्च आणि शासन वेगळं करणारा कायदा आला. गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचं नागरिकत्व खऱ्या अर्थानं लाभलं तेही याच प्रजासत्ताकामुळं. धर्मसत्तेविरुद्ध एकवटलेल्या माणसांच्या हाती प्रत्यक्ष राज्य आल्याची अशी उदाहरणं जगात फार नाहीत, आणि त्यातल्या एकाचं फळ माझ्या मुलाला मिळालं.

पण ते राज्य टिकलं किती? 1926 मध्ये लष्करानं उलथवलं. मधल्या काळात त्यांनी मठ बंद केले, पाद्र्यांना झगा घालून रस्त्यावर यायला मनाई केली, बिशपांना आपापल्या प्रांतातून हाकललं. ज्या श्रद्धाळू शेतकरी बायकांना नागरी लग्नाचा आणि घटस्फोटाचा सगळ्यात जास्त उपयोग होता, त्यांनाच हे सरकार आपलं वैरी वाटू लागलं. पुढं पोर्तुगालचा हुकूमशहा झालेल्या सालाझारनं 1940 मध्ये व्हॅटिकनशी करार केला आणि 1946 च्या हुकुमानं तो वसाहतींत आणला. चर्चमध्ये लग्न लावणाऱ्यानं घटस्फोटाचा हक्क सोडला असं त्यात धरलं गेलं. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, 1962 च्या कायद्यानं जुने कायदे चालू ठेवले, आणि ही तरतूदही त्यांच्याबरोबर आत आली. खुद्द पोर्तुगालनं 1975 मध्ये आपल्याकडची ही बंदी काढून टाकली. हिंदूंसाठी 1880 चा रूढींचा हुकूम वेगळाच. बायको 25 वर्षांची होईपर्यंत मूल नाही, किंवा तीस वर्षांची होईपर्यंत मुलगा नाही, तर पुरुषाला दुसरं लग्न करू देणारी तरतूद त्यात आहे. कुणी वापरत नाही म्हणून ती पुस्तकातून गेलेली नाही. ‘गोव्यात समान नागरी कायदा आहे’ असं टीव्हीवर छाती फुगवून सांगणाऱ्यांनी एकदा हे वाचावं.

या सगळ्यावर आमचा गट पणजीत जमतो. कुणी प्राध्यापक, कुणी बँकेतले, दोन वकील, एक बेकरीवाला, आम्ही तिघी-चौघी बायका. देव नाही यावर सगळ्यांचं एकमत. त्यापुढं कशावरच नाही, आणि ते बरोबरच आहे असं माझं मत होत चाललं आहे.

मुलाच्या लग्नानंतरच्या बैठकीत एका तरुणानं विषय काढला की आपण राजकीय ताकद म्हणून उभं राहायला हवं. त्याचं गणित चुकीचं नव्हतं. गोव्यात चाळीस मतदारसंघ, एकेकात तीसेक हजार मतदार. 2022 मध्ये सांत आंद्रेचा निकाल 76 मतांनी लागला. एका मतदारसंघात शंभर निरीश्वरवादी ठरवून मत देऊ लागले तर आमदार दारात येईल. 2011 च्या जनगणनेत देशभर 28 लाखांवर लोकांनी धर्म सांगितलेला नाही. येत्या 2027 च्या जनगणनेत आपण सगळ्यांनी ‘धर्म नाही’ लिहून घेऊया, आकडा दाखवूया, मग मागण्या करूया.

त्यावर आमच्यातले एक निवृत्त शिक्षक बोलले. ते दलित आहेत आणि आमच्यातले सगळ्यात जुने निरीश्वरवादी. ते म्हणाले, "बाबा, तू रकाना मोकळा सोडलास तर तुझं काही जात नाही. माझ्या नातीचा जातीचा दाखला जातो." 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशानुसार हा दर्जा हिंदूंना, 1956 पासून शिखांना आणि 1990 पासून बौद्धांना आहे. धर्म नाही असं कागदावर लिहिणाऱ्याला तिथं जागा नाही. शाळेच्या प्रवेश अर्जापासून ही साखळी सुरू होते. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की सरकार कुणालाही धर्म जाहीर करायची सक्ती करू शकत नाही. हक्क मिळाला, चांगलं झालं. पण तो वापरायची किंमत प्रत्येकाला वेगळी पडते, आणि ज्याला ती शून्य पडते त्यानं इतरांच्या धैर्याचं माप काढू नये. मी त्या दिवशी शिक्षकांच्या बाजूनं बोलले, आजही त्याच बाजूची आहे.

मग समान नागरी कायद्यावरून भांडण पेटलं. एका वकिलाचं म्हणणं, उत्तराखंडनं 2024 मध्ये कायदा केला, गोव्याचा नमुना देशभर जावा, आपण जाहीर पाठिंबा द्यावा. दुसऱ्याचं म्हणणं, ज्या हेतूनं हा विषय आज पेटवला जातो तो मुसलमानांना धडा शिकवायचा आहे, त्यात आपण सामील होणं म्हणजे धर्मनिरपेक्षतेच्या नावानं धर्मांधांचं काम करणं. दोघंही प्रामाणिक, दोघंही देव न मानणारे. देव नसल्याच्या मुद्द्यात या प्रश्नाचं उत्तर कुठंच नाही. जात, स्त्री, अल्पसंख्य, पैसा याबद्दल तुम्ही काय मानता त्यावर उत्तर ठरतं, आणि त्यात आमच्यातच डावे, उजवे, मधले आहेत.

म्हणून निरीश्वरवाद्यांचा पक्ष होईल असं मला वाटत नाही, व्हावा असंही वाटत नाही. पण एखाद्या ठोस मागणीवर आम्ही उभे राहू शकतो आणि जिंकूही शकतो, अट एकच की मागणी आमच्यापुरती नसावी. इंग्लंडमधला नास्तिक चार्ल्स ब्रॅडलॉ 1880 मध्ये नॉर्थॅम्प्टनमधून संसदेवर निवडून आला. देवाच्या शपथेवरून त्याला सहा वर्षं सभागृहात धड बसू दिलं नाही, पण तिथले जोडे शिवणारे कारागीर त्याला पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले. ते काही सगळे नास्तिक नव्हते. शेवटी 1888 मध्ये शपथेऐवजी प्रतिज्ञेचा हक्क कायद्यात आला. आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत ‘ईश्वरसाक्ष’ शपथेला पर्याय दिलेला आहे, तो याच परंपरेतला. तमिळनाडूत पेरियारांच्या चळवळीनं भटजीविना लग्नं लावली, आणि 1967 मध्ये अण्णादुराईंचं सरकार आल्यावर त्या लग्नांना कायदा मिळाला. मतं मिळाली होती ती जात आणि भाषेच्या प्रश्नावर, देवळात जाणाऱ्या लाखो माणसांची. नरेंद्र दाभोलकरांनी आपली लढाई देवाविरुद्ध नाही, शोषणाविरुद्ध आहे, हे प्रत्येक सभेत सांगितलं. नव्वदच्या दशकापासून रेटलेला जादूटोणाविरोधी कायदा 2013 मध्ये झाला, तोही 20 ऑगस्टला त्यांचा खून झाल्यावर. त्यांच्या या मांडणीला आमच्यातले काही जण भित्रेपणा म्हणतात. मला ते ऐकवत नाही. ज्यानं जीव दिला त्याच्या धोरणाला भित्रं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही, आणि कायदा त्याच धोरणातून आला.

माझ्या विहीणबाईंचंच घ्या. दर रविवारी मिसेला जाणारी बाई. लेकीचं लग्न इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, लागणार नाही म्हणून ती रडली, माझ्यासमोर रडली, आणि मी तिला समजावायला गेले नाही. पण दुसऱ्या सहीला ती साक्षीदार म्हणून उभी राहिली. सही करून पेन माझ्या हाती दिलं आणि म्हणाली, "सय जाली, लग्न जालें. मागणें हांव घरा करतलें." म्हणजे प्रार्थना ती घरी करणार. तिच्या चुलत बहिणीचं लग्न चर्चमध्ये लागलं होतं. नवरा मारायचा. सुटका मागायला गेली तेव्हा तिला कळलं की लग्न लागलं त्याच दिवशी घटस्फोटाचा हक्क गेला. 1946 चा हुकूम विहीणबाईंना नावानं ठाऊक नाही, पण त्यानं काय होतं ते आमच्या गटातल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक आहे. तिला देवावरून डिवचणारा निरीश्वरवादी माझ्या दृष्टीनं धर्मनिरपेक्षतेचा कार्यकर्ता नव्हेच.

भिंतीवरचं कॅलेंडर आणि क्रूस उतरवा अशी मागणी करायचा आग्रह आमच्यातल्या काहींनी धरला होता. सरकारी भिंत कोरी असावी हे मलाही पटतं. पण त्या मागणीनं विहीणबाई दुरावतील, काउंटरवरच्या बाई दुरावतील, आणि कुठल्याच बाईच्या हातात जास्तीचा कागद पडणार नाही. म्हणून ती मी मागं ठेवायला लावली. त्यावरून दोघांनी गटात येणं सोडलं. मला त्याचं वाईट वाटतं, तरी निर्णय बदलावासा वाटत नाही.

शेवटी आमच्या गटाच्या अर्जात तीन गोष्टी लिहिल्या. पहिल्या सहीच्या कागदावर ‘हे लग्न नव्हे, दुसरी सही बाकी आहे’ असं मराठी आणि कोंकणीत, देवनागरी व रोमी दोन्ही लिप्यांत छापावं. नोंद वाचताना जोडप्यानं निवडलेली भाषा वापरावी. लग्नाच्या सहीसाठी विक्रीखतांपासून वेगळी वेळ आणि जमल्यास वेगळी खोली द्यावी. 1946 आणि 1880 च्या हुकुमांचं निवेदन वेगळं, ते आमदारांकडं जाईल, त्याचा मसुदा दोन्ही वकील मिळून करत आहेत. एरवी ते एकमेकांशी बोलत नाहीत. सह्या गोळा करायला मी नोंदणी कार्यालयाबाहेरच उभी राहते. आतापर्यंत सही करणाऱ्यांत बहुतेकींच्या गळ्यात मंगळसूत्र किंवा क्रूस होता, काहींनी हिजाब घातला होता. तुमचा देवावर विश्वास आहे का, असं मी कुणालाच विचारत नाही.

जाणार असाल तर दोघांचे जन्मदाखले, रहिवासाचा दाखला आणि फोटो घेऊन जा, मूळ प्रती आणि झेरॉक्स दोन्ही. बाकी काय लागतं ते आधी काउंटरवर विचारा, एजंटाकडं जाऊ नका. सकाळी लवकर पोचा, दुपारी विक्रीखतांची गर्दी वाढते. मालमत्तेचा करार करायचा असेल तर पहिल्या सहीच्या आधी ठरवा. आणि दुसऱ्या सहीची तारीख हातात पडल्याशिवाय हॉल बुक करू नका.